लाल खुंटीवरचा बिल्ला

इनास, आज पाच वाजेपर्यंत मला एका कागदावर सही करायची आहे. आत्ता साडेदहा झालेत. कागद समोर आहे, पेन आहे, आणि मी सकाळपासून तीनदा चहा मागवून तिन्ही वेळा थंड केलाय. तू असतास तर दारातून मुंडकं आत घालून म्हणाला असतास, "काय गं सेफ्टी, सही करायला मुहूर्त बघतेस काय?"

मजकूर पाच-सहा ओळींचाच आहे. तू शिफ्ट इनचार्ज, या कारखान्यात बावीस वर्षं, रविवारी सुट्टीच्या दिवशी राहत्या घरी हृदयविकाराच्या झटक्याने गेलास. इथपर्यंत सगळं खरं आहे. मग एक ओळ येते: "सदर कर्मचाऱ्याने कामावरील मानसिक ताणाबाबत कधीही नोंद केलेली नाही." खाली माझं नाव आणि हुद्दा, सेफ्टी ऑफिसर. ज्या औषध कंपनीला आपण बाटल्यांची झाकणं पुरवतो, तिने विचारलंय की तुमचा माणूस गेला तर त्याच्यावर कामाचा ताण होता का, ते कळवा. पुरावा म्हणून सोबत बोर्डाचे फोटो जोडायचे, तीन महिन्यांचे, रोजचा एक. प्रत्येक फोटोत तुझा बिल्ला हिरव्या खुंटीवर आहे.

त्यातल्या एका दिवशी तो तिथे मी लावलाय. हे तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे. आणखी कुणालाही माहीत नाही, असं काल दुपारपर्यंत मी समजत होते.

तुझा राग येतो मला. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. अकरा दिवस झाले तुला जाऊन आणि अकरा दिवस मी मनातल्या मनात तुझ्याशी भांडतेय. आता समोरून उत्तर येत नाही, त्यामुळे दरवेळी मीच जिंकते, आणि त्यात काडीची मजा नाही.

पहिल्या दिवसापासून तू मला सेफ्टीच म्हणालास, वैशाली हे नाव जसं काही माझ्या कुंडलीतच नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी सांगलीहून लग्न होऊन मी नायगावला आले आणि वालीवच्या या कारखान्यात चिकटले. पॅकिंगच्या बायका सोडल्या तर मशीनपाशी बाई अशी मी एकटी. पहिल्याच दिवशी तुला चार माणसांत झापलं, कानात प्लग का नाहीत म्हणून. तू गंभीर चेहरा करून म्हणालास, "मॅडम, बायको पण रोज ओरडते. तेव्हा पण घालू का?" सगळे खो खो हसले. माझ्या कानशिलांची आग झाली. पण दुपारी डबा घेऊन तूच माझ्या टेबलापाशी आलास आणि कुठलं मशीन कधी दगा देतं ते मला आवाजावरून ओळखायला शिकवलंस. "कागद नंतर बघ. आधी कान लाव." आणि हाच माणूस कानात प्लग घालायला मात्र शेवटपर्यंत तयार नव्हता!

माझे वडील गेले तेव्हा इथे कंपनीच्या गाडीसाठी अर्ज-विनंत्या चालल्या होत्या. तू काही न विचारता बाइक काढलीस आणि मला एसटी स्टँडवर नेऊन घाटावर जाणाऱ्या गाडीत बसवलंस. हातात वाडीतली केळी कोंबलीस. म्हणालास, "खा. रडायला पण ताकद लागते." त्याबद्दल मी तुला कधी थँक्यू म्हटलं नाही. पुढच्या नाताळात तू घरचे तळलेले गोड फुगे आणलेस, मी भडंग आणलं, आणि फिट्टंफाट झाली असं मी धरून चालले.

मग तो बोर्ड आला. दोन वर्षांपूर्वी त्याच औषध कंपनीची माणसं तपासणीला आली होती. म्हणाली, आवाज, धूळ, उघडी यंत्रं यांची यादी तुमच्याकडे आहे, पण माणसाच्या मनावर जे ओझं येतं तोही धोकाच. त्याची नोंद ठेवा, त्यावर उपाय लिहा. आपल्याकडे त्याला एकच शब्द होता, टेन्शन, आणि त्यावर एकच उपाय होता, तंबाखू. मी दोन दिवसांचं ट्रेनिंग करून आले आणि डोक्यात हा बोर्ड घेऊन आले. गेटच्या आत, हजेरीच्या मशीनशेजारी. प्रत्येकाच्या नावाचा पत्र्याचा बिल्ला. वरची रांग हिरवी, म्हणजे ठीक आहे. मधली पिवळी, म्हणजे जड जातंय. खालची लाल, म्हणजे नाही जमत. सकाळी आत येताना आपला बिल्ला आपण लावायचा, आणि सात दहाला मी फोटो काढायचा.

प्लायवूड तू कापलंस. भंगारातल्या तारेच्या खुंट्या तू वळल्यास. आणि पूर्ण वेळ तोंड चालू होतं तुझं.

"सेफ्टी, एक सांग. प्रेसला गार्ड नसेल तर काय करतेस?"

"मशीन बंद करते."

"बोटं सांभाळा रे, असं सांगून गप्प नाही ना बसत?"

"नाही."

"मग टेन्शनला का तसं करतेस? तीन इनचार्ज होते, आता दोनच आहेत. बारा-बारा तास दोघं ओढतोय. ते तू बंद करत नाहीस. मला विचारतेस, कुठला रंग लावू? आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी!"

मी काय म्हणाले आठवतं? "सगळं एका दिवसात होत नसतं, इनास. कुठून तरी सुरुवात नको?" तू खुंटीवर हातोडी मारत म्हणालास, "सुरुवात कर की. पण माणसापासून कर, बोर्डापासून नको." मला इतका राग आला की दोन दिवस मी तुझ्याशी बोलले नाही. तू बरोबर होतास म्हणून आला तो राग. एवढं मान्य करायला मला दोन वर्षं लागली, आणि करून तरी काय? वरातीमागून घोडं.

पिवळ्या खुंटीचं काय झालं ते तू बघितलंसच. पॅकिंगच्या सरिताने पहिल्याच आठवड्यात बिल्ला पिवळ्यावर लावला. सासू हॉस्पिटलात होती, घरी लहान पोर, आणि शिफ्ट बदलून मिळत नव्हती. प्लँट हेड साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. कागदावर याला समुपदेशन म्हणतात, मीच तसं लिहिलंय. वीस मिनिटांनी ती पदराने डोळे पुसत बाहेर आली आणि जाता जाता स्वतःच्या हाताने बिल्ला हिरव्यावर लावून गेली. त्यानंतर हात दाखवून अवलक्षण कोण करून घेईल? महिन्याभरात अशी पद्धतच पडली की सकाळी जो पहिला येईल त्याने सगळ्यांचे बिल्ले एकदम हिरव्यावर लावून टाकायचे, म्हणजे हजेरीला रांग लागत नाही. मला हे माहीत होतं. मी फोटो काढत होते. फोटो फार छान यायचा.

आणि तो व्हॉट्सॲप ग्रुप. झाकणाला केसाएवढी रेघ दिसली तरी त्याचा फोटो, आणि खाली साहेबांचं वाक्य: "इनासजी, बावीस वर्षांत हेच शिकलात?" त्याखाली अंगठे, आठ-दहा. त्यातला एक माझा असायचा. मी न वाचता द्यायचे अंगठा, सगळ्यांनाच द्यायचे. तू कधी विचारलं नाहीस. एकदा विचारायचं होतंस रे. मी तुला चार शब्द सुनावले असते, तू मला आठ सुनावले असतेस, पण निदान तो विषय आपल्यात आला असता.

मागच्या पावसाळ्यात चिंचोटीच्या धबधब्यावर गेलो होतो ते आठवतं? सगळा स्टाफ, डबे, भिजायची हौस. जंगलात आत शिरलो आणि सगळ्यांच्या फोनची रेंज गेली. मी म्हटलं, "चला, सुंठेवाचून खोकला गेला!" सगळे पाण्यात उतरले. तू एका खडकावर उभा राहून फोन उंच धरत होतास. मग म्हणालास, "मी जरा खाली जाऊन येतो." तासाभराने तुला शोधत मी खाली रस्त्यापर्यंत आले, तर तू चहाच्या टपरीमागे फोन कानाला लावून उभा, अंग कोरडं, आणि हात थरथरत होता. मी पाहिला तो हात. मला वाटलं, भूक लागली असेल. तुझ्यापुढे भजी केली आणि वर म्हटलं, "एक दिवस कारखाना तुझ्यावाचून बंद पडणार नाही." तू हसलास. हात थरथरतो आणि माणूस हसतो, याचा अर्थ काय, हे मशीनच्या बाबतीत तूच मला शिकवलं असतंस.

आता त्या बुधवारचं सांगते. तुला माहीत आहे, तरी सांगते, कारण मी ते अजून कुठेच अख्खं सांगितलेलं नाही.

तपासणीची माणसं दहा वाजता येणार होती. मी साडेसहालाच आले होते. फरशा पुसून झाल्या, फलक सरळ झाले. बोर्डापाशी आले तर सगळे बिल्ले हिरव्यावर आणि एक खाली, लाल खुंटीवर. तुझा. दोन वर्षांत लाल खुंटीवर लागलेला पहिला बिल्ला. मी आधी घड्याळ बघितलं. आणि इनास, ते तुझ्यासाठी नव्हतं. ते तपासणीसाठी होतं.

तू मशीन नंबर चारपाशी होतास. मी धावतच आले. "अरे, आज? आजच? दहाला ती माणसं येतायत!"

तू माझ्याकडे बघितलंस. दाढी केलेली नव्हती, हे मला दिसलं होतं. म्हणालास, "आजच जमत नाहीये, सेफ्टी."

"आजचा दिवस काढ रे बाबा. उद्या लाव लाल. उद्या मी स्वतः येते, शिफ्टच्या आधी, आपण नीट बसून बोलू. शप्पथ."

तू हात पुसलेस आणि म्हणालास, "लाव. तूच लाव." मी गेले, बिल्ला काढला, हिरव्यावर लावला आणि सात दहाला फोटो काढला. तपासणी उत्तम झाली. त्या लोकांनी बोर्डाचं कौतुक केलं. साहेबांनी सगळ्यांसमोर माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या आणि तूही वाजवल्यास.

गुरुवारी तपासणीचे कागद पूर्ण करायचे होते. शुक्रवारी मुलीच्या शाळेत मीटिंग. मग ते राहून गेलं. राहून गेलं, असंच म्हणतो आपण, जसं काही ते आपण होऊन मागे राहतं. अठरा दिवस तू माझ्यासमोरून येत-जात होतास. दोनदा मला वाटलं, आता विचारावं. दोन्ही वेळा तू हसलास आणि मी सुटले.

मग तो रविवार. साचा अडकला म्हणून तुला फोन गेला. महेशने केला होता, आपल्या दुसऱ्या इनचार्जने, साहेबांनी करायला सांगितलं म्हणून. तू वाडीत होतास, केळीला पाणी सोडायला बावखलाच्या, वाडीतल्या त्या तळ्याच्या, काठावर गेलेला. साचा कसा सोडवायचा ते तू चाळीस मिनिटं फोनवर समजावत होतास. फिलोमिनावहिनी चहा घेऊन आली तेव्हा तू खाली बसलेला होतास आणि फोनवर महेश हॅलो हॅलो करत होता. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी डॉक्टर नाही. कामाने तुला मारलं असं मी कुठे लिहिणार नाही, कारण ते मला माहीत नाही. पण नोंद नव्हती, हे मी कसं लिहू?

साहेब सोमवारी अगदी हळू आवाजात बोलले माझ्याशी. ते ओरडतात तेव्हा मला भीती नाही वाटत. "वैशाली मॅडम, मलाही वाईट वाटतंय. पण ओळीत खोटं काय आहे? नोंद आहे का कुठे? दाखवा." खरंच नव्हती. तीन महिन्यांचे फोटो, सगळे हिरवे. त्यांना माहीत नव्हतं की ते मला माझ्याच हाताने बांधतायत. मी म्हटलं, बघते. बाहेर आले तर महेश उभा. डोळे खोल गेलेले. तुझी आणि त्याची, दोन्ही शिफ्ट आता तोच ओढतोय.

"मॅडम, तुम्ही काय लिहिताय ते लिहा, पण लास्ट कॉल माझा होता ते प्लीज टाकू नका. लोक आधीच बोलतायत. बायकोला पण सांगितलं नाही मी."

"तुझं नाव नाही येणार," मी म्हटलं. तो तरी तिथेच उभा राहिला. काहीतरी बोलायचं होतं त्याला. तेवढ्यात कुणीतरी लाइनवरून हाक मारली आणि तो पळाला.

काल दुपारी मी अर्धा दिवस टाकला आणि भुईगावला, तुझ्या घरी गेले. अंत्यविधीला गर्दीत होते, सातव्या दिवसाच्या मिस्साला चर्चमध्ये मागच्या बाकावर बसून परस्पर निघून आले होते. वहिनीच्या समोर जायची छाती नव्हती. काल गेले. ओटीवर ती तुझ्या युनिफॉर्मच्या शर्टांच्या घड्या घालत बसली होती. फिलोमिनावहिनी माझ्याशी नेहमी पुस्तकी मराठी बोलायची. तुम्हा दोघांना माझ्यादेखत भांडायचं झालं की तुम्ही घरच्या बोलीत शिरायचात, मला काही कळू नये म्हणून. काल तिने मला "बस" म्हटलं, पाणी पुढे ठेवलं आणि पुढचा शर्ट उचलला.

मी पाण्याला हात न लावता सगळं सांगून टाकलं. लाल खुंटी, तपासणी, मी बिल्ला हलवला, उद्या येते म्हटलं, गेले नाही. सांगताना मी रडले, आणि स्वतःचाच राग आला, कारण रडायची पाळी माझी नव्हती.

तिने घडी पूर्ण केली. मग म्हणाली, "मला माहीत आहे."

"काय?"

"त्याने त्याच दिवशी सांगितलं. म्हणाला, सेफ्टीने बिल्ला वर लावला, पण उद्या येणार आहे बोलायला. बरं वाटलं होतं त्याला. दुसऱ्या दिवशी अर्धा तास लवकर गेला, शिफ्टच्या आधी तू भेटशील म्हणून. संध्याकाळी मी विचारलं, आली होती का? म्हणाला, नाही गं, तिला काम असणार. तिसऱ्या दिवशी पण लवकर गेला. मग मी विचारायचं सोडलं."

इनास, तू वाट बघत होतास. मला कसं नाही दिसलं? साडेसहाला कोण येतं कारखान्यात? मी तुला येताना बघितलंय त्या दिवशी, गुरुवारी! हात पण केला मी तुला, कानाला फोन लावून.

मी म्हटलं, "वहिनी, मला माफ कर."

"ते मी आत्ता नाही सांगू शकत," ती म्हणाली. रागाने नव्हे, सरळच म्हणाली. "मी तुला खूप शिव्या घातल्या. मग म्हटलं, ती स्वतः येऊन सांगते का बघू. आलीस, बरं केलंस. पण मला सांगून काय होणार? मला माहीतच होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांग."

आणि मग शर्टांच्या गठ्ठ्याखालून तिने एक कागद काढला. युनिफॉर्म कंपनीला परत द्यायचे म्हणून ती खिसे तपासत होती, त्यात सापडला. प्रॉडक्शन स्लिपच्या मागच्या बाजूला तुझं ते तिरकं अक्षर. वर लिहिलंय, "वैशालीशी बोलायचं." सेफ्टी नाही, वैशाली. खाली चार ओळी.

"रविवारी फोन नको.

दुसऱ्या लाइनला माणूस पाहिजे.

ग्रुपवर फोटो नको, काय ते तोंडावर सांगा.

मला भीती वाटते. गेटजवळ आलो की."

कितीतरी वेळ मी तो कागद धरून बसले. तू घाबरत होतास. सगळ्या कारखान्याला हसवणारा, साचा अडकला की ज्याला देवासारखं बोलावतात तो माणूस रोज सकाळी गेटजवळ घाबरत होता, आणि मला ते सांगायचं म्हणून लिहून खिशात ठेवून फिरत होता. वहिनीने परतीच्या वाटेवरच्या दुकानात झेरॉक्स काढायला माझ्यासोबत तिच्या पुतण्याला पाठवलं. मूळ कागद तिला परत हवा होता.

दुपारी पावणेचारपर्यंत मी हे असं तुझ्याशी बोलत बसले होते. मग पेन उचललं.

साहेबांची ती ओळ मी खोडली आणि हाताने लिहिलं: नोंद केली होती. त्याने बिल्ला लाल खुंटीवर लावला होता, तो मी माझ्या हाताने हिरव्यावर नेला. दुसऱ्या दिवशी बोलायचं कबूल करून मी गेले नाही. त्याला काय सांगायचं होतं ते सोबत जोडलंय. खाली सही. कागद साहेबांकडे नेला. त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं.

"याने तुमचं काय होईल, कळतंय तुम्हाला?"

"कळतंय."

ते उठले, खिडकीपाशी गेले, परत आले. मला वाटलं, आता भडका उडणार. पण ते खुर्चीत बसले आणि तुझ्या कागदावर बोट ठेवलं. "हे बघा. मी राक्षस नाहीये. बिल्ल्याचं ते काढून टाका, तुमच्यावर काही येणार नाही. या तीन गोष्टी आपण उलट सुधारणा म्हणून पाठवू. रविवारचे फोन बंद करू. माणूस भरायचं मी वर बोलतो. फक्त ही शेवटची ओळ नको. बावीस वर्षं काम केलेला इनचार्ज, आणि गेटला घाबरतो? त्याच्याच नावाला कमीपणा आहे. बाहेरच्या लोकांना कशाला दाखवायचं? पाचला मेल तुमच्याकडूनच जायचाय. विचार करा."

खोटं कशाला बोलू, मला पटलं. निदान अर्धं पटलं. नोकरी राहते, मुलीची शाळा राहते, महेशला मदतनीस मिळतो, आणि तुझी इभ्रतही. तुला चारचौघांत कोणी बिचारा म्हटलेलं खपलं नसतं, हेही मला माहीत आहे. मी टेबलाशी आले, बिल्ल्याचा मजकूर बाजूला ठेवला आणि तुझी ती शेवटची ओळ झाकून तुझा कागद पुन्हा स्कॅन केला. तीन ओळी अगदी स्वच्छ दिसत होत्या. फाइल मेलला जोडली. साडेचार वाजले.

तेव्हा महेश आला. बिल्ल्यांचे फोटो न्यायला साहेबांनी पाठवलं होतं त्याला. टेबलावर तुझा कागद उघडा पडला होता, चारही ओळींसकट. मी उचलायच्या आत त्याने वाचला. अक्षर ओळखलं त्याने. खालपर्यंत वाचलं आणि तिथेच थांबला.

"हे इनासदादाने लिहिलंय?"

"हो."

"त्याला पण?" मग आवाज खाली गेला. "मॅडम, मला हायवेवरून आत वळलो की भीती सुरू होते. गाडी बाजूला घेऊन पाच मिनिटं थांबतो मी, रोज. मला वाटायचं, माझ्यातच काहीतरी प्रॉब्लेम आहे. दादा तर कसा वाघासारखा आत यायचा."

चौतीस वर्षांचा माणूस, इनास. दोन वर्षांची मुलगी आहे त्याला. इतके दिवस तोही त्याच गेटमधून आत येत होता आणि शिफ्ट बदलताना दोघंही एकमेकांकडे बघून हसत होतात.

मी ती फाइल काढून टाकली. चार ओळींची जोडली, बिल्ल्याच्या कबुलीसकट, माझ्या सहीसकट. चार पन्नासला मेल गेला, साहेबांना त्याची प्रत. काचेपलीकडे त्यांनी फोन उचललेला दिसला मला, आणि ते उभे राहिले. घाबरले होते मी, हे तुला सांगायला आता लाज वाटत नाही.

महेश निघाला होता. मी समोरची खुर्ची पुढे सरकवली. म्हटलं, "बस. सांग."

"आत्ता? मॅडम, लाइन चालू आहे. साहेब येतायत."

"येऊ देत. बस."

तो आधी काचेकडे बघत राहिला, मग बसला. माझ्या टेबलावरचा फोन वाजत होता. महेश बोलायला लागला, इनास, आणि मी मध्ये एक शब्द बोलले नाही.